बाशाच्या थडग्यातली वीस मिनिटं

रिफाईची फेरी वीस मिनिटांची असे. त्याहून कमी वेळात उरकली तर बाशाचा अपमान झाल्यासारखं त्याला वाटे, आणि जास्त लांबवावी तर खाली नदीकाठी पाहुण्यांची नाव खोळंबलेली असे.

बाशा म्हणजे थडग्याचा धनी. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तो या मुलखातल्या कालव्यांवरचा अंमलदार होता. त्याचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण नाईलकाठच्या नगा अस-सिद्र गावात ते कोणाच्या जिभेवर बसलं नाही. म्हणून बाशा, म्हणजे बडे सरकार. गावाच्या मागे पिवळी टेकडी, टेकडीत कोरलेली पाच थडगी, त्यांतल्या एकाच थडग्यातली चित्रं शाबूत, आणि त्या एका थडग्याच्या लोखंडी दाराची किल्ली एकतीस वर्षं रिफाईच्या कमरेला.

रिफाई शाळेत चार इयत्ता शिकलेला. परक्या भाषांचे साठ-सत्तर शब्द त्याच्याजवळ होते. बाकीचं काम हात, भुवया आणि तोंड करी. आत पाऊल टाकलं की डाव्या भिंतीवर नांगरणी. रिफाई दोन बोटांची शिंगं कपाळाला लावी. पुढे एक गाढव मटकन खाली बसलेलं, आणि एक माणूस त्याचा कान ओढतोय. इथे रिफाई स्वतःचाच कान ओढून 'आळशी' म्हणे. हा शब्द त्याला सात भाषांत येत होता. मग उंबराखाली रांगेनं हजामतीला बसलेले मजूर. मग द्राक्षं तुडवणारे. मग हंसाची पिसं उपटणारा नोकर. उजव्या भिंतीवर बाशा आणि त्याची बायको शेजारी शेजारी बसलेली, बायकोचा हात बाशाच्या खांद्यावर. "मॅडम. गुड मॅडम," एवढं म्हणून रिफाई जरा गप्प राही, म्हणजे पाहुण्यांत नवरा-बायको असली तर ती एकमेकांकडे बघून हसत. आणि सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर गुडघे टेकून बसलेली एक बाई. समोर गोल चकती, हातात बारीक काडी.

"डफ," रिफाई सांगे. बाई डफाला कातडं शिवते आहे. मग तो हवेतच डफ धरून वाजवी. एखादी जर्मन आजी कमरेवर हात ठेवून दोन पावलं नाचे. फेरी हसत संपे. दार, कुलूप, सलाम.

डफाचं त्याला कोणी सांगितलं, तर त्याच्या आधीच्या राखणदारानं. त्याला कोणी सांगितलं होतं, हे विचारायची रिफाईला कधी गरज पडली नाही.

टेकडीपर्यंत वीज कधी आलीच नाही. बाहेरच्या ओट्यावर ऊन पकडून आरशानं ते आत फेकायचं, आत चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठा हातात धरून ते हवं त्या भिंतीवर वळवायचं, ही रिफाईची खरी कारागिरी. ऊन सरकतं तसा आरसा सरकवावा लागे, आणि दिवसाचा कुठला प्रहर आहे हे रिफाई न बघता सांगू शके. पुरातत्त्व कचेरीनं दिलेला आरसा चौथ्या वर्षी पडून फुटला. नवा येईपर्यंत म्हणून त्यानं घरातला आरसा नेला. तो त्याच्या बायकोच्या, वहीबाच्या लग्नातल्या कपाटाचा होता. कचेरीतून नवा आरसा आला नाही. वहीबाच्या कपाटाला पुढे सत्तावीस वर्षं नुसती लाकडाची फळी राहिली, आणि रागावली की ती त्या फळीसमोर उभी राहून केस विंचरी.

ही वहीबा रोज दुपारी जेवणाचं गाठोडं घेऊन टेकडीच्या पायथ्याशी यायची. उन्हात फुगवून भाजलेली जाड शम्सी भाकर, खारवलेलं जुनं चीज, कांद्याची पात, कधी मसूर. खालच्या पायरीवर उभी राहून ती हाक मारी, "अबू सफवत!" म्हणजे सफवतचा बाप; सफवत त्यांचा थोरला मुलगा. रिफाई एकशे बारा पायऱ्या उतरून येई, गाठोडं घेई, दोन शब्द बोले आणि पुन्हा वर जाई. ती एकदाही वर चढली नाही.

त्याला कारण होतं. रिफाई कामावर लागला त्याच महिन्यात ती एकदा पाच-सहा पायऱ्या चढली होती. तेव्हाचे मोठे साहेब नेमके वर होते. ते ओरडले, "हे सरकारी ठिकाण आहे, तुमच्या घरचा ओटा नाही. बायकामुलं खाली!" दोन वर्षांत त्या साहेबांची बदली झाली. नंतर आलेल्यांपैकी कोणी असं काही बोललं नाही. पण रिफाईला वाटे, हिला कशाला हवंय थडगंबिडगं. वहीबाला वाटे, हा कधी म्हणतच नाही की ये. आणि पायथ्याची ती पायरी तशीच राहिली.

रिफाईला साठ वर्षं पुरी व्हायला आली तेव्हा कचेरीत निवीन नावाची एक तरुण निरीक्षक होती. असवानची मुलगी, कैरोत शिकलेली, उन्हाळ्यात डोक्यावर टोपी आणि टोपीवर आणखी ओढणी. रिफाई तिला उस्ताझा, म्हणजे बाईसाहेब, म्हणे आणि ती त्याला अम्म रिफाई, म्हणजे काका. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात ती ओट्यावर बसून त्याच्या हातचा चहा पीत होती.

"अम्म रिफाई, गुरुवारी शेवटचा दिवस. घरच्यांना बोलवा. परवानगीचा कागद मी करून देते."

"घरच्यांना कशाला, उस्ताझा?"

"कशाला म्हणजे? थडगं बघायला. काकूंचं आवडतं चित्र कुठलं?"

रिफाईनं चहाचा पेला खाली ठेवला. "तिनं बघितलेलं नाही," तो म्हणाला.

"कुठलं चित्र?"

"कुठलंच."

निवीन त्याच्याकडे अशी बघत राहिली की रिफाईला आपल्या पगडीचा पदर उगाच नीट करावासा वाटला.

घरी जाऊन त्यानं वहीबाला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत.

"एकतीस वर्षांनी आठवण झाली का?"

"साहेबांनी मनाई केली होती ना तेव्हा."

"ते साहेब मेले, अबू सफवत. त्यांच्या चाळिसाव्याला तुम्ही जाऊन आलात. मीच तुमचा झगा धुऊन दिला होता."

रिफाई दारातल्या चपला नीट लावायला लागला. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "एकटीनं यायचं?"

"तुला हवं त्याला घेऊन ये."

हे बोलणं त्याला महागात पडलं. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला टेकडीच्या पायथ्याशी अकरा बायका जमल्या. काळ्या ओढण्या, डोक्यावर गाठोडी, एकीच्या कडेवर तान्हं. पुढे हज करून आलेली हज्जा सत्तूता. हज्जा सत्तूता रिफाईच्या शेजारची, वय ऐंशी म्हणा नव्वद म्हणा, आणि गावातल्या निम्म्या लोकांना जगात आणणारी सुईण तीच. रिफाईलाही तिनंच आणलं होतं आणि ती ते कोणाला विसरू देत नसे.

"रिफाई, पोरा, या पायऱ्या काय तुझ्या बाशानं बायकांचे गुडघे फोडायला केल्या?"

"हळूहळू ये, हज्जा. हात देऊ का?"

"हात नको. तू जन्मलास तेव्हा तुझ्या दोन्ही पायांना धरून मी तुला उलटा केला होता. मला तू काय हात देतोस!"

वहीबा सगळ्यांच्या मागे होती. पहिल्या पायरीपाशी ती थबकली, तिनं वर बघितलं, मग ओढणी कमरेला खोचून चढायला लागली. ती इतक्या भराभरा चढली की निम्म्यावर तिनं हज्जालाही मागे टाकलं. रिफाई वरून बघत होता. तो किल्ली शोधायचं निमित्त करून वळला. किल्ली कमरेलाच होती.

निवीन दारापाशी उभी होती. तिनं एकेकीला सलाम केला, तान्ह्याचा गालगुच्चा घेतला, आणि म्हणाली, "आज अम्म रिफाई दाखवतील. मी पण पाहुणीच."

बायका आत शिरल्या. आत काळोख, थंडावा, आणि अकरा जणींचा श्वास. "अल्ला, इथं काही दिसत नाही," कोणीतरी म्हणालं. आरसा धरायला आज रिफाईचा जोडीदार खलाफ ओट्यावर होता. रिफाईनं आतून हाक दिली. खलाफनं आरसा तिरका केला, आणि उन्हाचा एक लांब पट्टा दारातून आत आला, रिफाईच्या हातातल्या पुठ्ठ्यावर आपटला आणि डाव्या भिंतीवर पसरला. पिवळे, लाल, हिरवे रंग काल लावल्यासारखे उघडले.

वहीबानं भिंतीकडे नाही, मागे वळून दाराकडे बघितलं. बाहेरच्या उजेडात खलाफच्या हातातला आरसा चमकत होता. कडेची नक्षी, कोपऱ्यातला निखळलेला टवका, तिच्या लग्नाच्या वरातीत गाडीवरून उतरवताना उडालेला.

"हा माझा," ती हळूच म्हणाली.

"हो," रिफाई म्हणाला.

"मला वाटलं, दाढी करायला नेलात."

"सत्तावीस वर्षं दाढी करायला?"

"मला काय माहीत! तुम्ही सांगितलंत कधी?" पण ती रागावलेली नव्हती. तिनं परत भिंतीकडे तोंड केलं आणि उजेड जिथून जिथून फिरला तिथून तिथून ती नजर फिरवत राहिली.

फेरी नेहमीसारखी सुरू झाली. दोन मिनिटांत ती रिफाईच्या हातातून गेली. बैलांची शिंगं करून दाखवायची गरजच नव्हती. "बघा, हा नांगर माझ्या आजोबांचाच," एक म्हणाली. दुसरीला कान ओढणारा माणूस तिच्या दिरासारखा दिसला, आणि त्यावर इतकं हसू फुटलं की तान्हं दचकून रडायला लागलं. हजामतीच्या रांगेत कोण कोणासारखं आहे याची वाटणी झाली. हंसाची पिसं उपटणाऱ्याला हज्जा सत्तूतानं चांगलंच फैलावर घेतलं.

"अरे मेल्या, आधी गरम पाण्यात बुडव. कोरडा उपटतोयस, कातडं फाटेल ना!"

"हज्जा, तो ऐकत नाही," रिफाई म्हणाला.

"पुरुष ना. कसा ऐकेल?"

बाशा आणि त्याच्या बायकोसमोर बायका जरा वेळ उभ्या राहिल्या. "बाईनं हात खांद्यावर ठेवलाय, किती माया," एक तरुण सून म्हणाली. हज्जानं मान हलवली. "माया कसली? पळून जाऊ नये म्हणून धरलाय." रिफाईला आपलं नेहमीचं 'गुड मॅडम' म्हणायचं होतं, पण इथं ते कोणाला म्हणणार? तो पुढे सरकला.

शेवटचा कोपरा आला. रिफाईला जरा हुरूप आला, कारण हे चित्र म्हणजे त्याचा हातखंडा. त्यानं पुठ्ठा खाली घेतला, उजेड कमरेच्या उंचीवर आणला.

"आणि ही बघा, ही डफ शिवणारी," तो म्हणाला, आणि हवेत डफ धरून त्यानं ताल वाजवायला सुरुवात केली.

कोणी हसलं नाही. अकरा बायका त्या चित्राकडे बघत होत्या. मग एकमेकींकडे.

"डफ?" वहीबा म्हणाली.

"डफ. ही काडी नाही का, ती सुई."

"अबू सफवत, भाकर आहे ती."

रिफाईचे हात हवेतच राहिले.

"भाकर?"

"शम्सी भाकर! ही काय, मातीच्या थाळीवर ठेवलेली. उन्हात फुगली, आता भट्टीत जायच्या आधी कडेला काट्यानं टोचे मारतेय, कान काढायला. मी रोज काय करते अंगणात?"

"खजुरीचा काटा आहे हातात," हज्जा सत्तूतानं डोळे बारीक करून निकाल दिला. "आणि धरलाय पण बरोबर. चांगल्या घरची आहे."

मग जे हसू फुटलं ते थांबेना. एकीनं भिंतीला टेकायला हात पुढे केला तेव्हा निवीननं तिला अलगद मागे ओढलं. "एकतीस वर्षं डफ वाजवला!" "लोकांना नाचवलं असेल!" "नाचवलंच," खलाफ बाहेरून ओरडला, आणि रिफाईनं त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. त्याचे कान तापले होते. किती देशांच्या लोकांनी ते डफाचं ऐकून वहीत लिहून नेलं असेल, फोटोखाली छापलं असेल, नातवंडांना सांगितलं असेल. आणि रोज दुपारी, गाठोड्यातून, त्याच्या स्वतःच्या हातात तीच भाकर येत होती.

वहीबा मात्र हसत नव्हती. तिनं गाठोडं सोडलं, एक भाकर काढली आणि चित्राच्या शेजारी, भिंतीला न लावता, उजेडात धरली. कडेला तेच कान, तितक्याच अंतरावर. फक्त वहीबाची भाकर जरा जास्त भाजलेली.

निवीन खाली उकिडवी बसली. भाकरीकडे, चित्राकडे, परत भाकरीकडे बघत राहिली. "आमच्या वहीत लिहिलंय, 'तबक सजवणारी स्त्री'," ती म्हणाली. "मी पण तेच वाचून पुढे जात होते. काकू, हे टोचे का मारायचे?"

"नाहीतर वाफ बाहेर कुठून जाईल? मध्ये फुगा येतो, भाकर फाटते. आणि कान असले की पोरं कान आधी तोडून खातात, भांडतात त्यावरून."

"आणि ही मागे बसलेली छोटी? तिच्या हातात काय आहे?"

वहीबा वाकली. रिफाईनं न सांगता उजेड तिकडे नेला. त्या छोट्या आकृतीबद्दल तो कधीच काही सांगत नसे, कारण त्याला तिचं काही कळत नव्हतं.

"ती कोंडा पसरतेय थाळीवर. कणीक चिकटू नये म्हणून. मुलगी असेल हिची. माझी झैनात अशीच बसायची, सगळा कोंडा स्वतःच्या अंगावर."

निवीन लिहीत होती. रिफाईनं बघितलं, उस्ताझा वहीबाचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेते आहे, मध्येच थांबवून परत विचारते आहे, आणि वहीबा सरकारी माणसासमोर कधी नव्हे ती न अडखळता बोलते आहे. तापलेले कान निवले. त्याला आतून काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, "उस्ताझा, लिहा. राखणदार रिफाई अब्दुल-वनीस याचं एकतीस वर्षं चुकलं."

"असं नाही लिहीत, अम्म रिफाई."

"लिही गं," हज्जा म्हणाली. "याच्या आईला पण सांगायला हवं होतं. गेली बिचारी."

फेरी वीस मिनिटांची होती, ती सव्वा तास चालली. नंतर ओट्यावर बसून सगळ्यांनी जेवण केलं. खाली नाईल, तिच्या दोन्ही काठांना उसाची हिरवी पट्टी, आणि एक पांढऱ्या शिडाची नाव वळणावर अडून वाऱ्याची वाट बघत असलेली. वहीबानं नवऱ्याच्या पुढ्यात भाकर ठेवताना म्हटलं, "घ्या, डफ घ्या," आणि पुन्हा सगळ्या हसल्या. रिफाई पण हसला. कांद्याची पात तोडून त्यानं तिच्या ताटलीत ठेवली. सगळ्यांसमोर त्यानं असं कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं किल्ली खलाफच्या हाती दिली.

घरी बसण्याचे पहिले पंधरा दिवस त्याला आणि वहीबाला सारखेच जड गेले. तो भट्टीपाशी उभा राही, सल्ले देई, कोंबड्यांची मोजदाद करी. "तुम्ही टेकडीवर होतात तेव्हा माझ्या घरात जागा होती," ती म्हणे. मग एके दिवशी निवीन गाडी घेऊन दारात आली. जवळच्या एडफू शहरातल्या एका मुलींच्या शाळेची सहल येणार होती, आणि तिला वहीबाकाकू हव्या होत्या.

"मला? मला वाचता येत नाही, बाई."

"वाचायचं मी बघते. भाकरीचं तुम्ही सांगा."

"अबू सफवतना विचार."

"मला कशाला विचारायचं?" रिफाई म्हणाला. "मी डफवाला."

ती गेली. तिनं कणीक, थाळी आणि खजुरीचे काटे बरोबर नेले, ओट्यावर उन्हात मुलींकडून भाकरी करवून घेतल्या, आणि मगच त्यांना आत नेलं. रिफाई आरशापाशी होता, कारण खलाफला उजेड अजून नीट धरता येत नव्हता. आतून वहीबाचा आवाज येत होता. ती शिंगंबिंगं करत नव्हती, सरळ सांगत होती, आपल्या आळीतल्या लोकांबद्दल सांगावं तसं. "ही बघा, ही भाकरीवाली. आणि ही तिची पोरगी, कामचुकार." मुली हसत होत्या, प्रश्न विचारत होत्या. वर्ष संपायच्या आत अशा पाच शाळा आल्या. गावातल्या आणखी दोघी तिच्याबरोबर जायला लागल्या. हज्जा सत्तूता एकदाच गेली. तिनं मुलींना बाशाच्या बायकोबद्दल जे सांगितलं त्यानंतर शिक्षिकेनं तिला परत बोलावलं नाही.

हिवाळा संपता संपता वहीबा एकदा म्हणाली, "एडफूचं ते जुनं मोठं देऊळ मी बघितलेलं नाही."

"मी तरी कुठं बघितलंय? आतून नाही."

"म्हणजे? तुम्ही एकतीस वर्षं याच कामात!"

"मला सुट्टी कोण देणार होतं?"

शुक्रवारी नमाज झाल्यावर दोघं मायक्रोबस पकडून एडफूला गेली. रांगेत उभं राहून तिकिटं काढली. दारात ससाण्याची काळ्या दगडाची मूर्ती, तिच्यासमोर फोटोला गर्दी. आत एक तरुण मार्गदर्शक एका कैरोच्या कुटुंबाला घेऊन चालला होता. ही दोघं त्यांच्या मागे मागे चालत राहिली. पोरगा हुशार होता, आवाज मोकळा, पण भराभर बोलत होता. रिफाई हात पाठीमागे बांधून ऐकत होता. इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणी सांगावं आणि आपण नुसतं मान वर करून बघावं, असं त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. खांब इतके उंच की पगडी घसरली.

"कळतंय का काही?" वहीबानं कुजबुजून विचारलं.

"सगळं नाही. पण बरं वाटतंय."

एका भिंतीपाशी ती अडून राहिली. देवापुढे मांडलेल्या नैवेद्याची रास कोरलेली होती, भोपळे, हंस, मडकी. ती प्रत्येक वस्तूवर बोट रोखत होती, हात न लावता, निवीननं शिकवलं होतं तसं. मार्गदर्शक पोरगा कुटुंबासकट पुढे निघून गेला होता.

"चल, तो पुढे गेला," रिफाई म्हणाला.

"जाऊ दे त्याला. मला अजून बघायचंय."

रिफाई एका खांबाच्या सावलीत, दगडी चौथऱ्यावर टेकला. पाय दुखत होते. बाहेर पडल्यावर चौकात तामियाचे गरम वडे खायचे, आणि झैनातच्या पोरांसाठी तिळाची वडी घ्यायची, असं त्यानं ठरवलं. मायक्रोबस सहापर्यंत होत्या. बराच वेळ होता.